अडतीस काचा

ओनेझिम रोबिशोच्या घरचा फोन वाजला की तो बहुधा खिडक्यावाल्यांचा असायचा. जुन्या खिडक्या काढा, नव्या बसवा, थंडी आत येणार नाही. मॉन्क्टनमधली बाकीची माणसं अशा लोकांवर खेकसून फोन आपटतात. ओनेझिम मात्र विचारत बसायचा. काच किती थरांची? दोन थरांच्या मधे कोणता वायू भरता? तो गळत नाही कशावरून? दहा मिनिटांनी खिडक्यावालाच काहीतरी सबब सांगून सुटका करून घ्यायचा, आणि मग घरात पुन्हा फ्रिजचा आवाज तेवढा उरायचा. शहात्तर वर्षांच्या माणसाला बोलायला खिडक्यावाले पुरावेत, ही काही बरी गोष्ट नव्हे. पण त्याने कोणापाशी तक्रार केली नाही, आणि करायला कोणी नव्हतंही.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी दहाला फोन आला. पलीकडून एका मुलीने विचारलं, "व्हॅनेडियम ऑक्साइडचं कोष्टक केलेले रोबिशो तुम्हीच का?"

तो उभा होता तो खाली बसला. हा प्रश्न त्याला तेहतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"मीच," तो म्हणाला. "काही चुकलंय का त्यात?"

मुलगी हसली. "चुकलंय? अहो, तुम्ही जिवंत आहात यावर आमच्याकडे पैज लागली होती. मी जिंकले."

तिचं नाव नोएमी शारेट. माँट्रियालला संशोधन करत होती. स्वतःच्या ताऱ्याला अगदी बिलगून फिरणारे जे प्रचंड ग्रह आहेत, त्यांची हवा कशाची बनलेली आहे हे शोधायचं तिचं काम. तिचा ग्रह आपल्या गुरूपेक्षा मोठा, त्याचं वर्ष एकतीस तासांचं आणि उष्मा अडीच हजार अंशांचा. त्याला नाव नव्हतं, यादीतला नंबर होता. नोएमी त्याला 'तवा' म्हणायची. तिथल्या हवेत लोखंडाची वाफ असते, पान्यांच्या पोलादात घालतात त्या व्हॅनेडियमचीही असते. तवा ताऱ्यासमोरून सरकला की ताऱ्याचा थोडा उजेड त्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो, आणि प्रत्येक वाफ त्या उजेडात आपापल्या बारीक काळ्या रेषा ओढते. पण कोणत्या वाफेची रेषा नेमकी कुठे पडते हे आधी माहीत हवं, नाहीतर त्या रेषांचा उपयोग शून्य. ते माहीत करून घ्यायचं तर पृथ्वीवर कोणीतरी ती वाफ तापवून रेषा मोजलेल्या हव्यात.

त्या ओनेझिमने मोजल्या होत्या. विद्यापीठाच्या तळघरात, सहा वर्षं. तो प्राध्यापक वगैरे नव्हता, प्रयोगशाळेत नोकरीला होता. ज्या प्राध्यापकांनी हे काम काढलं ते दोन वर्षांत मोठ्या खुर्चीवर गेले आणि व्हॅनेडियमला विसरले. ओनेझिम विसरला नाही. भट्टी पेटवायची, आतला उजेड बारीक रेघांच्या जाळीवरून फाकवून फोटोच्या काचेवर घ्यायचा, काच धुवायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेषा मोजायची. अकरा हजार चारशे रेषा. कोष्टक छापून आलं, त्यावर नाव एकट्याचं. त्यानंतर ते चार जणांनी वापरलं, आणि त्या चारांतला एक तो स्वतः.

"गणिताने काढलेल्या याद्या आहेत आमच्याकडे," नोएमी म्हणाली. "पण तांबड्या उजेडात इतक्या बारीक कामाला त्या चालत नाहीत. तुम्ही मोजलंय. तुमचं कोष्टक लावलं आणि तव्यावरचं व्हॅनेडियम लख्खकन दिसलं, सर!"

फोन ठेवल्यावर ओनेझिम स्वयंपाकघरातच बसून राहिला. त्याला आनंद झाला होता, आणि तो कोणाला सांगायचा हे न कळल्यामुळे जरा वेळाने रडूही आलं.

पुढच्या मंगळवारी दहाला तिचा पुन्हा फोन. मग दर मंगळवारी. तिला भट्टीबद्दल विचारायचं असायचं, काचांबद्दल विचारायचं असायचं, आणि ते संपलं की मग अशाच गप्पा.

"तुम्ही जेवायला काय केलंत?"

"कालचंच सूप."

"कालही कालचंच होतं म्हणालात. मूळ सूप कधीचं आहे?"

"ते ऐतिहासिक आहे," ओनेझिम म्हणाला, आणि ती इतकी हसली की तो आठवडाभर त्या हसण्यावर जगला.

मंगळवारी सकाळी तो दाढी करू लागला. कुंपणापलीकडच्या झेलिकाच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. बाई ऐंशीला टेकलेली, दोन नवऱ्यांना पोचवून बसलेली, आणि आख्ख्या गल्लीच्या खबरा राखणारी.

"ओनेझिम, दाढी? मंगळवारी? कोण मेलं?"

"कोणी नाही."

"मग कोण भेटली?"

"फोन असतो माझा."

"फोनसाठी दाढी! अरे, तिला दिसत नाही ते."

"मला दिसतं ना," तो म्हणाला आणि आत गेला.

एप्रिलच्या सुरुवातीला नोएमीचा आवाज वेगळाच आला. "सर, वारा सापडला!"

वारा म्हणजे असं, की वाफ आपल्याकडे वाहत येत असेल तर तिच्या रेषा जागेवरून किंचित सरकतात. तव्यावरच्या लोखंडाच्या रेषा जागच्या जागी होत्या. व्हॅनेडियमच्या तांबड्याकडच्या रेषा मात्र सरकलेल्या, सेकंदाला साडेतीन किलोमीटर. म्हणजे लोखंडाच्या रेषा उमटतात त्या खालच्या मजल्यावर हवा स्वस्थ, आणि या तांबड्या रेषा उमटतात त्या वरच्या मजल्यावर ती तापल्या बाजूकडून काळोख्या बाजूकडे सुसाट धावतेय.

"दोन मजली वारा आजवर कोणी दाखवलेला नाही," नोएमी म्हणाली. "मे महिन्यात हॅलिफॅक्सला परिषद आहे. तिथे मी हे सांगणार. आणि सर, मी गाडीने येतेय, वाटेत मॉन्क्टन लागतं. तुमच्याकडे जेवायला थांबणार. नवीन सूप करा."

चार दिवसांनी तिने लेखाचा मसुदा पाठवला. ओनेझिमने लायब्ररीत जाऊन तो छापून आणला, चष्मा पुसला आणि टेबलाशी बसला. लेखात एक आकृती होती. प्रत्येक रेषेसाठी एक ठिपका, आणि रेषा जितकी सरकलेली तितका ठिपका वर. बहुतेक ठिपके खाली, आणि तांबड्याकडे एक पुंजका वर चढलेला. तो पुंजका म्हणजेच वारा.

त्याने आपलं कोष्टक काढलं आणि वर चढलेल्या ठिपक्यांपुढे एकेक रेषा लावत गेला. कोष्टकाच्या शेवटच्या रकान्यात काचेचा नंबर असतो. तो रकाना कोणी वाचत नाही, पण ओनेझिमने स्वतः लिहिलेला असल्यामुळे त्याची नजर तिकडे गेली. दोनशे बारा. दोनशे चौदा. दोनशे तेहतीस. त्याने सगळे ठिपके लावून पाहिले. वारा २१२ नंबरच्या काचेला सुरू होत होता आणि २४९ला थांबत होता. २११मधे नाही, २५०मधे नाही. कोणत्याही ग्रहावरचा वारा मॉन्क्टनच्या तळघरातले नंबर बघून वाहत नाही.

त्या अडतीस काचा कोणत्या, हे त्याला पाहावं लागणार नव्हतं. तरी तो खाली गेला. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा काचांची खोकी कचऱ्यात निघाली होती, ती त्याने घरी आणून ठेवली होती. २१२ काढली आणि तळघराच्या खिडकीपाशी उजेडात धरली.

भट्टी पेटवण्याआधी लोखंडाचा, म्हणजे लोखंडाची वाफ पेटून उजेड देणारा, दिवा लावायचा आणि त्याच्या रेषा काचेच्या वरच्या कडेला घ्यायच्या, ही त्या कामातली रीत. त्या रेषांची जागा जगाला ठाऊक असते, त्यावरून बाकीच्यांची मोजायची. आणि काम संपलं की तोच दिवा पुन्हा लावून खालच्या कडेला घ्यायचा. कारण दिवसभरात भट्टीने खोली तापते, हवा विरळ होते, आणि सगळ्या रेषा केसभर सरकतात. किती सरकल्या ते दुसरा दिवा सांगतो. दिवा तापायला आणि काचेवर उमटायला मिळून अर्धा तास जातो.

२१२च्या खालच्या कडेला काही नव्हतं. कोरी काच. २१३ची कडही कोरी. त्याने पुढच्या पाहिल्या नाहीत.

त्या काचा घेतल्या त्या हिवाळ्यात त्याची बायको अल्विना इस्पितळात होती. डोक्यात गाठ झालेली. साडेचारला तिथे रात्रीच्या जेवणाचं ताट यायचं, आणि ती नर्सच्या हातून घास घ्यायची नाही. तोंड घट्ट मिटायची. ओनेझिम गेला तरच खायची. तो चार दहाची बस धरायचा. दुसरा दिवा लावला की बस चुकायची. म्हणून तो लावत नव्हता, आणि वहीत दुसऱ्या दिव्याच्या रकान्यात वरच्या कडेचाच आकडा लिहून मोकळा होत होता. नंतर सवडीने त्या काचा पुन्हा घेऊ असं ठरवलं होतं. नंतर भट्टीच मोडीत गेली. तेवढ्याशाने काय होतंय, केसभराचा तर फरक, असं स्वतःला सांगत त्याने कोष्टक छापायला दिलं. तेव्हा केसभर फरकाने कोणाचं काही बिघडत नव्हतं. आता तो केस साडेतीन किलोमीटरचा झाला होता.

मंगळवारी दहाला फोन वाजला. सांगायचं त्याने पक्कं केलं होतं.

"वाचलात?" नोएमीने विचारलं.

"वाचला."

"मग? बोला की! मी नखं खातेय इथे."

"छान लिहिलायस," ओनेझिम म्हणाला.

स्वतःचा आवाज ऐकून त्यालाच लाज वाटली. पण काय करणार होता? सांगितलं की वारा जाणार, कोष्टक जाणार, आणि मंगळवारही जाणार. पहिली दोन गेली तर त्याने कसंतरी सोसलं असतं, तिसऱ्याचं त्याच्याच्याने होईना. पुढच्या मंगळवारीही तो गप्प राहिला. तिचा घसा बसला होता, आजारी पोरीला कुठे त्रास द्यायचा, ही त्या दिवसाची सबब. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिचा वाढदिवस निघाला. सबबी काय, हव्या तितक्या मिळतात. त्याला झोप लागेना, आणि दाढी करताना तो आरशात डोळ्यांकडे न बघता हनुवटीकडेच बघू लागला.

"तुझं प्रेम आटलं वाटतं," झेलिका कुंपणावरून म्हणाली. "तोंड बघ, उकडलेल्या बटाट्यासारखं झालंय."

"झेलिका, तू कधी एखाद्याला खरं सांगायचं टाळलंयस?"

"दोन नवरे सांभाळले मी. दुसरं काय केलं असेन?" मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "का रे? काय केलंस?"

"काही नाही केलं. तेच केलं."

मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी बाराला, नोएमीची धुळीने माखलेली छोटी गाडी दारात उभी राहिली. आवाजावरून त्याने जी पोर मनात रंगवली होती तिच्यापेक्षा ही बुटकी होती, आणि दमलेली. आत आल्या आल्या तिने त्याचे दोन्ही गाल चुंबले. त्या घरात असं कोणी किती वर्षांनी केलं होतं याचा हिशोब ओनेझिमने केला नाही.

त्याने कोंबडी-बटाट्याचं फ्रिको हे तिकडचं कालवण केलं होतं, वरून सॅव्हरीचा पाला कुस्करून. नदीकाठच्या नेच्याचे कोवळे कोंब लोण्यात परतले होते. ती हपापल्यासारखी जेवली.

"हे काही ऐतिहासिक नाही," ती म्हणाली.

"आज सकाळचं आहे."

"माझ्यासाठी?"

"मग काय झेलिकासाठी?"

ताटं बाजूला सारून तिने संगणक उघडला. उद्या सकाळी अकराला तिला बोलायचं होतं. ती एकेक चित्र दाखवत गेली आणि शेवटच्यावर थांबली. 'दोन मजली वारा' असं मोठ्या अक्षरात, आणि खाली 'रोबिशो यांच्या कोष्टकामुळे.'

"हे तिथे पडद्यावर भिंतीएवढं दिसणार," ती म्हणाली. "तुम्ही चला ना माझ्याबरोबर. तीन तासांचा रस्ता आहे. पहिल्या रांगेत बसा. मी सगळ्यांसमोर उभं करते तुम्हाला."

ओनेझिमला जायचं होतं. इतकं जायचं होतं की कोट कुठला घालावा इथपर्यंत तो पोचला होता. त्याने ग्लासातलं पाणी संपवलं.

"नोएमी, तो वारा नाही."

"म्हणजे?"

"तो माझ्या तळघरातला उकाडा आहे."

तिला आधी ती गंमत वाटली. मग तो उठला, कपाटावर काढून ठेवलेली काच घेऊन आला आणि खिडकीशी धरली. वरची कड दाखवली, खालची कड दाखवली. नोएमीला जास्त समजावून सांगावं लागलं नाही. दोनशे बारा ते दोनशे एकोणपन्नास, एवढं त्याने म्हटलं आणि तिने संगणकावर त्या रेषा वेगळ्या काढल्या. पुंजका वर होता तो सगळाच्या सगळा उचलला गेला. खाली राहिलेले ठिपके लोखंडाच्या शेजारी स्वस्थ बसले होते.

फ्रिज तेवढा घरघरत होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मसुदा आला त्या दिवशी."

"एप्रिलमधे?" ती उभी राहिली. "मी पाच मंगळवार फोन केला, सर. पाच! तुम्ही छान आहे म्हणालात. माझ्या घशाची चौकशी केलीत!"

"हो."

"उद्या अकरा वाजता मी दोनशे लोकांपुढे उभी राहून हे बोलले असते. मग कोणीतरी सहा महिन्यांनी हे शोधून काढलं असतं आणि मी जन्मभर तळघरातला वारा शोधणारी बाई म्हणून ओळखली गेले असते. का सांगितलं नाहीत?"

ओनेझिमने खोटं बोलायचा कंटाळा आल्यासारखं सरळ सांगितलं. "सांगितलं की तू फोन करायची थांबशील असं वाटलं."

ती काहीतरी लागट बोलणार होती. त्याऐवजी खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं. दोन वर्षांच्या कामासाठी होतं. ओनेझिमला तिच्या जवळ जावंसं वाटलं, पण आपल्याला तो हक्क उरलेला नाही हे कळून तो जागचा हलला नाही.

शेवटी ती टेबलाशी आली आणि पिशवीतून वही काढली. आवाज कोरडा होता, कामाचा.

"टाकून देता येणार नाहीत या रेषा. खोली किती तापली होती ते कळलं तर दुरुस्त होतील. त्या वर्षीच्या हवामानाच्या नोंदी मिळतील, भट्टी किती तास चालली ते तुमच्या वहीत असेल. मला प्रत्येक काचेची तारीख हवी. वह्या कुठे आहेत?"

"वह्या लागणार नाहीत. लिहून घे."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"दोनशे बारा, नऊ नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी, बुधवार," ओनेझिम म्हणाला. "ताटात मासा होता. तिने अर्धा खाल्ला. दोनशे तेरा, अकरा नोव्हेंबर. सुट्टी होती, तरी मी भट्टी लावली. दोनशे चौदा, चौदा नोव्हेंबर, सोमवार. त्या दिवशी तिचे केस काढले. ती म्हणाली, आता आपण दोघं सारखे दिसतो. दोनशे पंधरा, सोळा नोव्हेंबर. नुसतं सूप."

नोएमीचं पेन थांबलं. "कोणाचे केस?"

मग त्याने सांगितलं. अल्विना, साडेचारचं ताट, चार दहाची बस. पाचेक वाक्यांत झालं सगळं. नोएमीने पेन पुन्हा कागदाला लावलं आणि म्हणाली, "पुढची."

तो सांगत गेला. दोन डिसेंबर, बर्फामुळे बस उशिरा, ताट गार झालं होतं, तरी खाल्लं. बावीस डिसेंबर, तिने त्याला भलत्याच नावाने हाक मारली. सतरा जानेवारी, तीन चमचे. तीस जानेवारी, एक. कुठेच अडला नाही, एकदाही मागे गेला नाही. ती नंबर आणि तारीख लिहीत होती. काही ओळींनंतर ओनेझिमला दिसलं की ती ताटातलंही लिहून घेत होती.

"दोनशे एकोणपन्नास, बावीस फेब्रुवारी, बुधवार. काही नाही खाल्लं. तेवीसला काच घातलीच नाही. दुपारी अडीचला तिथून फोन आला."

नोएमीने त्या ओळीखाली रेघ मारली. बाहेर झेलिका कोणाच्या तरी कुत्र्यावर ओरडत होती.

"आणि दोनशे पन्नासपासून पुढे?" तिने हळू विचारलं. "त्यानंतरच्या काचा. आख्ख्या कोष्टकात तशा नेटक्या रेषा नाहीत, सर. त्यांच्याइतकं बिनचूक तुम्ही आधीही कधी मोजलेलं नाही. आम्हाला नवल वाटायचं."

"त्या बरोबर आहेत," ओनेझिम म्हणाला. "त्यांच्यावर दिवा दोनदा नाही, चार-चार, पाच-पाच वेळा लावलाय मी. घरी जायचं नव्हतं मला."